परसातला फेस

ठोंब्या, हे पत्र तुलाच आहे. पण तुला 'तू' म्हटलं की माझा आवाज चढतो, म्हणून पुढे तुला 'तो' म्हणते आणि स्वतःला 'बहीण'. शेवटपर्यंत वाच.

तो अग्निशमन दलातला. आग विझवायला शिकवायचं मैदान त्याच्याच ताब्यात. तेल पेटवायचं, वर पांढरा फेस सोडायचा, मग पाणी मारून धुऊन टाकायचं. निवृत्त झाल्यावर कळलं, फेसातली रसायनं मातीत जशीच्या तशी बसून आहेत. कुजत नाहीत, विरत नाहीत. आता तिथे लोखंडी कांबी खोल ठोकून वीज सोडली होती. माती भट्टीसारखी तापायची, विष वाफ होऊन सुटायचं, नळ्या ते ओढून गाळायच्या.

"जन्मभर आगी विझवल्या, आता जमिनीला शेक देतायत," तो म्हणायचा. हसायचं मात्र कुणी नाही.

कामावरच्या इंजिनिअर मुलीने माहितगार म्हणून त्यालाच बोलावलं. खड्डा, गटार, कुंपणाकडचा उतार, त्याने सगळं दाखवलं.

"मैदानाबाहेर कुठे टाकलात, काका?"

"छे, बाहेर कशाला?"

म्हणाला आणि कानशिलं तापली. भाचीच्या प्रत्येक वाढदिवसाला तो बंब घेऊन यायचा. बहिणीच्या परसात कमरेएवढा फेस, त्यात लोळणारी गल्लीभरची पोरं, आणि मामाचा रुबाब विचारू नका. त्याच परसात आता भाचीचा मुलगा माती उकरत बसतो.

हे त्याने येऊन सांगितलं, तसं बहिणीने परसाचं दार लावून घेतलं आणि डबाभर माती त्याच्या हातात दिली.

"त्या मुलीला दे तपासायला. यंत्रं इथे आहेत तोवर परसही साफ करून घेतील."

"तूच दे ना, ताई."

"मी दिली तर चहाडी होईल. तू दिलीस तर कबुली."

तो गेला. मैदानाच्या फाटकाशीच मुलीने त्याला काम बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे उभं केलं. "या काकांनी काही लपवलं नाही. असा प्रामाणिक माणूस भेटत नाही." पाहुण्यांनी हात मिळवले. डबा त्याने काखेत सरकवला.

"काय आणलंत, काका?"

"काही नाही. खिळे."

पुढे तो त्या रस्त्यानेच जाईना. दुकानाला जायचं तरी वळसा घालून. कांबी उपसल्या, गाड्या भरल्या, मुलगी दुसऱ्या गावच्या कामावर गेली. त्या संध्याकाळी बहिणीने फोनवर एवढंच विचारलं, "दिलीस?"

"देतो, ताई. उद्या देतो."