फालशाची एप्रिल छाटणी

आमच्या क्वार्टर्सच्या मागे प्रत्येक घराच्या वाट्याला जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. कुणी मेथी लावतं, कुणी नुसत्या चादरी वाळत घालतं. आमच्या पट्टीत फालशाची चार झुडपं आहेत. फालसा म्हणजे वाटाण्याएवढं, जांभळट, आंबटगोड फळ. जयपूरच्या उन्हाळ्यात त्याच्या सरबतावाचून लोकांचं पान हलत नाही. यंदा झुडपं अशी लगडली की येणारा-जाणारा विचारतो, "भाभीजी, खाद कौनसी डाली?" मी सांगते, आबांना विचारा. आधी आम्हीच त्या झुडपांची वाट लावली होती, हे मात्र सांगत नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. सगळा जन्म नाशिककडच्या द्राक्षबागेत गेला. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा बाग धाकट्या दिरांवर सोपवून ते गेल्या वर्षी मार्चअखेर इथे आले, तेही "पंधराच दिवस" असं बजावून. हिंदीची बोंब, ओळखीचं कुणी नाही, दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघणं. मग एकदा ही झुडपं त्यांच्या नजरेला पडली. सात-आठ वर्षांत कुणी हात लावला नव्हता, काड्यांचा नुसता गुंता झाला होता.

"एप्रिल लागला आन् अजून छाटणी न्हाई?" म्हणत त्यांनी पिशवीतून कात्री काढली. हो, द्राक्षाची कात्री ते जयपूरला घेऊन आले होते. आमच्या नाशिककडे एप्रिलात द्राक्षाचे वेल खरडून छाटतात आणि ऑक्टोबरात फळासाठी पुन्हा छाटतात. झुडपांवर बारीक पिवळी फुलं होती, ती मी त्यांना दाखवलीही.

"भलत्या वेळी फुटलंय. छाटणी मिळाली न्हाई, मग दुसरं काय व्हनार?"

मीही द्राक्षवाल्यांचीच लेक, त्यात जयपुरातला माझा पहिलाच उन्हाळा, मला ते लगेच पटलं. इथल्या कुणाला विचारावं हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी काड्या धरल्या, त्यांनी कापल्या. तासाभरात चार बुंधे तेवढे उरले.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या माँजी बाहेर आल्या. या झुडपांना जी काय चार ओंजळी फळं धरत, ती वेचून त्या दर उन्हाळ्यात सगळ्या इमारतीला सरबत पाजत. "अरे बाबूजी, ये क्या कर दिया! अब तो फल आने वाले थे," म्हणत त्या ढिगाऱ्याशेजारीच बसल्या.

"काय म्हणत्यात?" आबांनी मला विचारलं. घामाने निथळत होते, आणि आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला होता.

"म्हणतात, छान मोकळं झालं."

एवढं बोलून मी अडकले. त्या दिवसापासून आबांनी पंधरा दिवसांचं नाव काढलं नाही. भांडी विसळलेलं पाणी बादलीने नेऊन घालायचे, ऑक्टोबरनंतर बघ कसे घोस लागतात म्हणायचे. मे महिन्यात माँजींनी बाजारातून फालसे आणून सरबत केलं, आम्हालाही पाठवलं. आबा मिटक्या मारत प्यायले. "कशाचं गं?" "असंच, कोकमासारखं काहीतरी," मी म्हणाले. माझी मलाच लाज वाटली, पण त्यांचा आनंद मोडवेना.

दसऱ्यानंतर त्यांनी पुन्हा कात्रीला धार लावली. आता मी गप्प बसले तर पुढच्या वर्षीचीही फळं जाणार होती. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, कात्री फडक्यात गुंडाळली आणि संध्याकाळी माझ्या नवऱ्याला म्हणाले, "माझं तिकीट काढ." मग माझ्याकडे वळले. "चूक माझी व्हती. पण सहा म्हैने तू मला येड्यात काढलंस."

मी रात्रभर रडले. हा माणूस निघून जाईल आणि ती खुर्ची रिकामी होईल, हे मला सहनच होईना.

सकाळी ते माँजींकडे निघाले. त्यांचं हिंदीत सांगायला मी सवयीने चपला घालायला लागले. "तू नको," ते म्हणाले. "तुझं सांगनं पुरं झालं."

मग मी जिन्यात उभी राहून चोरून ऐकलं. "माँजी, गलती मेरा. मैंने काटा. टाइम गलत," आबांनी जमवाजमव केली. माँजी हसल्या. "छँटाई तो चाहिए ही थी, बाबूजी. बस पौष में होती है, जब पत्ते झड़ जाते हैं. रुक जाइए, साथ में करेंगे." मग त्यांनीच विचारलं, "पर बहू ने आपको उसी दिन क्यों नहीं बताया?"

मी कठडा घट्ट धरला. आबा शब्द जुळवत असावेत.

"बहू मेरीच है," ते म्हणाले. "उसका गलती भी मेराच."