हळदीच्या दिवशी होडी

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, ताईंनी, स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. घरात कुणाला काय लागतं ते त्यांना तोंडपाठ, पण त्यांना काय हवं असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुमी काय बी आना, मना चालंल." म्हणून त्या दुपारी मी करंदी, ती बारकी कोलंबी, सोलायची टाळाटाळ करत मोबाइल बघत बसले असताना त्या शेजारून एकदम म्हणाल्या, "मना बसाचा हाय त्यात," तेव्हा मला आधी कळेचना, कशात?

मोबाइलवर माझ्या बँकेतल्या मैत्रिणीचा व्हिडिओ चालू होता. कोयनेच्या धरणाचं पाणी, दोन्ही अंगांनी काठापर्यंत उतरलेलं जंगल आणि मधोमध एक अरुंद होडी. पुढे एक बाई, मागे एक बाई, दोघी वल्ही मारतायत. पहिल्या दिवशी जंगलात चालायचं, काठावर तंबूत मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी होडी, असा सुटसुटीत दोन दिवसांचा प्रकार होता. ताईंनी हात पदराला पुसले, मोबाइल घेतला आणि व्हिडिओ पहिल्यापासून बघितला. मग परत बघितला.

"यात मोटर नाय," त्या म्हणाल्या. "आपनच मारायचा."

ताईंचं माहेर मोऱ्याच्या बंदरातलं. वडील मासेमारीला जायचे. त्यांनी होडी नांगरायला नेली की लहानपणी ताई हट्टाने बरोबर जायच्या आणि वडील वैतागेपर्यंत वल्हं सोडायच्या नाहीत. जरा उंच झाल्यावर आईने हातात मासळीची पाटी दिली, कारण मुलींनी बाजारात बसायचं, होडीत नाही. त्यानंतर लग्न होऊन आमच्या ह्या घरात आल्या. आमचं गाव म्हणजे आता टॉवरांच्या मधे अडकलेल्या चार आळ्या. शेतं गेली, मिठागरं गेली, पैसे आले, गाड्या आल्या. मी खुद्द पनवेल शहरातली, बाजारपेठेच्या मागे वाढलेली. प्रेमविवाह करून ह्या आगरी घरात आले तेव्हा माझ्या 'आहे' आणि 'नाही'ची सगळ्यांनी मनसोक्त टिंगल केली. मला निवटी हा खाडीच्या चिखलातला वळवळता मासा साफ करायला ताईंनी शिकवलं आणि निवटी हातातून सुटून मोरीत पळाली तेव्हा सासूबाईंना काही कळू दिलं नाही. तेव्हापासून माझा त्यांच्यावर जीव आहे.

दोन वर्षांपूर्वी माझे मोठे दीर गेले. धडधाकट माणूस, झोपेतच गेला. तेव्हापासून ताई हळू बोलायला लागल्या, हळू चालायला लागल्या, भांडं ठेवताना त्याचा आवाज होऊ देईनात. मला त्याचा इतका राग यायचा की मी मुद्दाम पातेली आपटायचे. म्हणून त्या दुपारी मी मनाशी ठरवून टाकलं, काही झालं तरी ह्या बाईला त्या होडीत बसवायचं.

चूक एकच केली. ते मी नवऱ्याला सांगितलं.

माझा नवरा मनाने फार चांगला आहे आणि तीच अडचण आहे. जेवता जेवता त्याने ग्रुप काढला. आम्ही तिघंच होतो त्यात. दुसऱ्या दिवशी चुलत दिरांनी गेटवर त्याला अडवलं, "फिरायला जाता आनि आमाला सांगत नाय?" आमच्याकडे भावकीला सोडून फिरायला जाणं म्हणजे भांडण झाल्याची जाहीर दवंडीच. चुलत दीर आले म्हणजे त्यांच्या घरचे आले. ते आले म्हणजे आत्याबाई का नकोत? आठवडाभरात ग्रुपवर इतकी माणसं झाली की काहींना मी ओळखतही नव्हते. गाडीची मिनीबस झाली. मटण इथून न्यायचं की तिथे बोकड बघायचा, यावर दोन दिवस चर्चा चालली. आचारी ठरला. कुणीतरी मोठा स्पीकर घेऊ म्हणालं.

"अभयारण्यात स्पीकर?" मी विचारलं.

"हळू लावू ना," नवरा म्हणाला.

शेवटी मी त्या तंबूवाल्याला फोन लावला. कोण कोण येणार ती सगळी यादी त्याने ऐकून घेतली. मग अदबीने म्हणाला, "मॅडम, लग्न आहे का?"

लग्नाचं त्याने उगाच नाही विचारलं. खरी गोम तिथेच होती. तारीखच मिळेना. आमच्या गावांत लग्नापेक्षा आदल्या रात्रीची हळद मोठी. लग्नाला एखादा नाही आला तर चालवून घेतील, पण हळदीला नाही म्हणजे नातं तुटलं. मांडव, बेंजोची वाजंत्री, पहाटेपर्यंत नाच, आणि प्रत्येक घरचा माणूस दिसलाच पाहिजे. थंडी पडल्यापासून पावसाळ्यापर्यंत एकही शनिवार-रविवार हळदीशिवाय जात नाही, आणि एकाची नसली तर दुसऱ्याची असतेच. ग्रुपवर कुणी तारीख टाकली की पाठोपाठ उत्तर यायचं, "त्या दिवशी हळद." एकदा एक तारीख सगळ्यांना जमली. मी खुशीत जिलेबी आणली. संध्याकाळी कळलं, त्याच दिवशी साखरपुडा.

ह्या सगळ्यात ताई मागे मागे सरकत गेल्या. आधी त्या तंबूत थंडी वाजेल का, असं विचारायच्या. मग ते थांबलं. मिनीबसचं ठरलं त्या दिवशी भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, "एवढी सगली मानसा चालली. आई घरी हायेत. तुमी जाऊन या, मी बघते हितला." पाठ माझ्याकडे होती. भाकरी नेहमीसारखीच गोल होती, कडा कुठे फाटली नव्हती. मला मात्र रडायला आलं.

ह्या 'मी बघते हितला'ची घरात सवयच होऊन गेली होती. दीर गेल्यापासून ताई हळदींना जात नाहीत. नवरा गेलेल्या बाईने नवरीला हळद लावायची नाही, एवढाच खरं तर रिवाज. मांडवात येऊ नये असं कुणी कधी म्हणालं नाही. पत्रिकेवर त्यांचंही नाव असतं. पण आमच्याकडे बोलावणं म्हणजे हात धरून, शपथ घालून, ओढून न्यायचं बोलावणं. ते ताईंना कुणी करेना. त्या एकदा "मी नाय येत" म्हणाल्या की माणसं "बरं" म्हणून पुढच्या घरी जायची. सगळं घर नटूनथटून बाहेर पडायचं आणि ताई सासूबाईंना जेवायला वाढायच्या.

जानेवारीत चुलत दिरांच्याच मुलीची हळद आली. घरचंच कार्य, मी सख्ख्यासारखी काकी. मी साडीला इस्त्री करत होते. नवरा खुर्चीत बसून ग्रुपवर तारखा फिरवत होता आणि सासूबाई पलंगावर पडून टीव्ही बघत होत्या. ताई आत भांडी लावत होत्या.

"सोड आता," नवरा म्हणाला. "मेपर्यंत काही जमत नाही. जूननंतर बघू."

"जूनपासून होडी बंद असते."

"मग पुढच्या वर्षी. माणसं मोकळी नाहीत त्याला मी काय करू? ह्या शनिवारचंच बघ. गावात एक माणूस तरी मोकळा आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "ताई आहेत."

म्हणाले आणि माझ्याच लक्षात आलं मी काय म्हणाले ते. इतके आठवडे आम्ही हळद नसलेला दिवस शोधत होतो. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती नेमकी हळदीच्याच दिवशी मोकळी होती. आत भांड्यांचा आवाज तसाही नव्हता, पण हात थांबल्याचं मला कळलं.

"ह्या शनिवारी आम्ही दोघी जातो," मी इस्त्री उभी करून ठेवली. "ताई आणि मी. बस नको, बोकड नको. ग्रुप तुझा तू सांभाळ."

नवऱ्याच्या हातातला फोन मांडीवर पडला. "वेडी आहेस का? घरची हळद आहे! मी काय सांगू तिकडे? बायको कुठे म्हणून विचारतील."

"होडीत गेलीय म्हणून सांग."

"आणि आईजवळ कोण?"

सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना एकटं ठेवता येत नाही. मला नवऱ्याचा राग आला, स्वतःचा आला, त्या बिचाऱ्या नवरीचासुद्धा आला. ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "कशाला गो भांडता," त्या पुटपुटल्या. "मी नाय जायची कुठं. त्या दिवशी उगाच बोलून गेले."

तेवढ्यात सासूबाईंनी टीव्ही बंद केला. आवाज कमी नाही, बंद. मालिका अर्ध्यात असताना त्यांनी असं केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"मी हलदीला जाते," त्या म्हणाल्या.

आम्ही तिघंही बघत राहिलो. सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि तेवढी वर्षं सासूबाईंनी मांडवात पाऊल टाकलं नव्हतं.

"आई, तू?" नवरा म्हणाला.

"का? मना बेंजो आवडत नाय काय? खुर्चीवर बसंन. तू मना उचलून ने गाडीत, आनि पुढं बसव, मागं कोपऱ्यात नको. घराला कुलूप लाव. पलून जातंय काय घर?" मग त्या ताईंकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला. "माझा पोरगा गेला, बाय. मी आई हाय त्याची. पन तू दोन वरसा माझे जवल बसून ऱ्हायलीस तर तो काय परत आला? जा तू. मना कोन काय बोलला तर मी बघून घेन."

ताई जाऊन सासूबाईंच्या पायाशी बसल्या आणि त्यांचे गुडघे चेपत राहिल्या. नवऱ्याने नाक पुसलं आणि सर्दीचं निमित्त केलं. मी परत इस्त्री हातात घेतली आणि जी साडी आता नेसायचीच नव्हती तिला पुन्हा इस्त्री केली.

पुढचे दिवस धमाल होते. ताईंना चालायचे बूट घ्यायचे होते. दुकानातल्या माणसाने त्यांच्या पायात मापाचे बूट चढवले तर त्या म्हणाल्या, "काढ रे, पाय कोंडलाय माझा." घेतलेले बूट सवय व्हावी म्हणून त्या घरात साडीवर घालून फिरायच्या आणि कुणी आलं की पाय पलंगाखाली घ्यायच्या. माझे दोन पंजाबी ड्रेस त्यांच्या मापाचे करून घेतले. तंबूवाल्याला फोन करून मी सांगितलं, "आम्ही दोघीच." तो इतका सुटल्यासारखा हसला की मला त्याची दया आली. ताईंनी डब्यात काय भरलं ते मला पिशवी उचलल्यावर कळलं. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, वाटलेला मसाला, आणि 'तितं काय मिलतंय काय म्हाईत' म्हणून चार कांदे.

शनिवारी सकाळी पनवेलच्या स्टँडवरून आम्ही साताऱ्याची गाडी धरली. आदल्या संध्याकाळपासून गावात मांडव उभा होता आणि आम्ही बॅगा घेऊन त्याच्यासमोरूनच गेलो, दुसरा रस्ताच नव्हता. चुलत जावेने मला बघून तोंड फिरवलं. पुढे बरेच दिवस ती माझ्याशी तुटक बोलायची. बोलू दे. नवरीच तेवढी मेंदीचे हात वर करून ओरडली, "काकी, फोटो पाठवा!"

जंगलातली चाल मला जड गेली, ताईंना नाही. चढावर मी धापा टाकत झाडाला टेकायचे तेव्हा त्या पुढे जाऊन माझ्याकडे पाठ करून थांबायच्या, मला लाज वाटू नये म्हणून. बोलल्या मात्र मोजकंच. तंबूत झोपताना मी विचारलं, "आवडलं का?" तर म्हणाल्या, "झाडा चांगली हायेत." माझा धीर सुटत चालला होता. झाडं चांगली आहेत हे ऐकायला मी घरची हळद सोडून आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तंबूवाल्याने लाइफ जॅकेटं चढवून आम्हाला होडीत बसवलं, मी पुढे, ताई मागे. वल्ही कशी मारायची ते दाखवलं. ताईंनी मान हलवली पण ऐकलं नसावं. पाण्यात आल्याबरोबर होडी गोल फिरायला लागली. मी घाबरून जोरात मारलं, ती आणखी फिरली. ताईंनी त्यांच्या मोऱ्याच्या सवयीने उलटं मारलं, तर आम्ही मागे मागे परत काठाकडे. होडी लांबट, वल्हं वेगळं, दोघींनाही काही जमत नव्हतं. मी एकदा त्यांच्या वल्ह्यावर माझं वल्हं आपटलं.

"अगो बाय!" मागून आवाज आला. "डावीकडं मार! डावीकडं! हात हायत का काठ्या?"

काठावरची माणसं वळून बघायला लागली. असा खणखणीत आवाज, मोऱ्याच्या धक्क्यावरून भर समुद्रातल्या होडीला हाक मारायचा.

"अजून मार! थांबू नको! बँकेत काय झोपा काढतेस काय गो तू?"

दोन वर्षं. दोन वर्षांत ह्या बाईने घरात कुणावर आवाज चढवला नव्हता. माझे हात थांबले. मला समोरचं पाणी दिसेना. मागून त्यांनी वल्ह्याने माझ्या पाठीत हलकेच ढोसलं आणि वाकून माझा चेहरा बघितला.

"रडतेस कशाला?" त्या ओरडल्या. "पानी कमी हाय काय हितं?"

मी डोळे पुसले, वल्हं उचललं आणि त्या ओरडतील तिकडे मारत राहिले.