अस्वलाला सांगितलेलं

टेकडीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह रोज सकाळी उघडून गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाला सगळे ‘घुम्या’ म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्याने ते विचार करूनच ठेवलं होतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण त्यातलं सगळं बोलणं गोळा केलं तर आठवडाही भरला नसता, असं त्याची बायको म्हणे. ती शिवणकाम करायची आणि माप घेता घेता गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची चौकशी उरकायची. अशा बाईच्या गळ्यात हा माणूस पडावा, याला काय म्हणावं!

बाकी सगळं तिने पोटात घातलं होतं. एकच गोष्ट घशाखाली उतरत नव्हती. अकरा वर्षांपूर्वी तिचं मोठं ऑपरेशन झालं. जगते की जाते अशी वेळ. शुद्धीवर आली तेव्हा खाटेशेजारी नवरा उभा. “झालं?” म्हणाला, आणि पाण्याची बाटली घेऊन चालता झाला. आपण गेलो असतो तर या माणसाला काही वाटलं असतं का? अकरा वर्षं तिला हेच जाणून घ्यायचं होतं, आणि एवढ्या बडबड्या बाईला ते विचारायचा धीर होत नव्हता.

मग टेकडीवर अस्वलं दिसू लागली. वनरक्षकाने घुम्याला बजावलं, “काका, तुम्ही मांजराच्या पावलांनी जाता, तेच वाईट. अस्वल दचकलं की अंगावर येतं. वाटेने मोठ्याने बोलत जा, म्हणजे ते आपणहून बाजूला होईल. समोर आलंच तर पळायचं नाही. हळू आवाजात बोलत मागे सरकायचं.”

“काय बोलू?”

“काहीही बोला हो. ते काय परीक्षा घेणार आहे?”

तेव्हापासून घुम्या टेकडी चढताना बोलू लागला. शेजारीण मुद्दाम सांगायला आली, “अगं, तुझा नवरा वर काय गप्पा ठोकतो!” बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. अस्वलाशी गप्पा, आणि घरात तोंडाला कुलूप!

एका सकाळी तो टाकीघराची किल्ली घरीच विसरला. ती देण्याच्या निमित्ताने बायको मागोमाग निघाली, आणि जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून चालली. तो काय बोलतो ते तिला चोरून ऐकायचं होतं. पुढून आवाज येत होता: गळका पाइप, दुखरा गुडघा, शेजाऱ्याचा रेडिओ. मग तो एकदम थांबला. ती घाईघाईने वळणावर आली, ती थेट त्याच्या पाठीशीच.

वीस पावलांवर अस्वलीण उभी होती, तिच्यामागे पिल्लू. बायकोची किंकाळी ओठांवर आली, तोच नवऱ्याने मागे न वळता तिचं मनगट धरलं.

“पळू नकोस. माझ्या मागे राहा.” मग त्याच सुरात पुढे, “जातोय हं आम्ही. तुझ्या पिल्लाला कोणी हात लावत नाही.”

दोघं एक पाऊल मागे सरकली. अस्वलीण फुत्कारली, पुढचे पाय तिने जमिनीवर आपटले. बोलणं थांबवून चालणार नव्हतं, आणि पाइप, गुडघा, रेडिओ सगळं संपलं होतं. मग आत जे होतं तेच त्याच्या तोंडून निघालं.

“ही माझी बायको. हिला काही करू नकोस. हिचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन दिवस मी दवाखान्याच्या जिन्यात बसून होतो. ही गेली तर घरी कसं जायचं, तेच कळेना. वाचली, आणि मला हिच्यासमोर रडू येईल अशी भीती वाटली. म्हणून बाटली घेऊन पळालो. नळ मोठा सोडला आणि रडलो. हिला कधी सांगितलं नाही.”

पाऊल पाऊल मागे सरकत तो बोलत राहिला. शेवटी अस्वलीण वळली, पिल्लाला नाकाने ढकलत झुडपांत शिरली.

घुम्याचं तोंड पुन्हा मिटलं. सवयच ती. बायकोच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि त्याच्या सदऱ्याची मागची बाजू तिने अजून मुठीत आवळून धरली होती.

“झालं?” तिने विचारलं.



“नाही,” तो म्हणाला. “अजून बरंच आहे.”

टेकडीच्या पायथ्याशी, पहिल्या घराच्या पायरीवर दोघं बसली. त्या दिवशी गावाला पाणी दीड तास उशिरा आलं.