सात जणींचं एक घड्याळ

पोलीस भरतीच्या तयारीसाठी आम्ही सात जणी राणीसावरगावच्या शाळेमागच्या मोकळ्या रानात पळायचो. शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांना सगळं गावच फौजी काका म्हणायचं. उजाडायच्या आत यायचं आणि उशीर झाला तर मैदानाला एक चक्कर जादा मारायची, एवढाच त्यांचा नियम.

काकांकडे खेळाडू वापरतात तसलं एक घड्याळ होतं. नोकरीच्या शेवटच्या काळात हौसेनं घेतलेलं. किती पळालो, कोणत्या वेगानं, छातीचे ठोके किती पडले, हे सगळं ते आपोआप टिपून ठेवायचं. आम्ही जरा नीट पळायला लागलो तसं काकांनी ते स्वतःच्या मनगटावरून काढलं आणि आमच्यात फिरवायला दिलं. आज हिच्या हातात, उद्या तिच्या.

पण घड्याळाचं ॲप काकांच्या फोनमध्ये होतं, आणि ॲपला वाटायचं की पळणारा माणूस एकच आहे. सात पोरींचं पळणं एकट्या काकांच्या नावावर जमा व्हायचं. एके दिवशी काका मोठे तेज दिसायचे, दुसऱ्या दिवशी पार ढेपाळलेले. एकदा ॲपनं त्यांना बजावलं, तुम्ही शरीरावर फार ताण देत आहात, सक्तीची विश्रांती घ्या. काका तेव्हा बांधावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. आम्ही पोट धरून हसलो.

पुढं मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. कुणा अनोळखी माणसानं ॲपवर काकांच्या पळण्याखाली लिहिलं, ‘रोज पहाटे इथंच असता का?’ त्याच्या मनात काही वाईट नसेलही. पण आमचं मैदान, येण्याची वेळ, वाट, सगळं नकाशावर कुणालाही दिसत होतं, हे काकांना त्या दिवशी कळलं. त्यांनी घड्याळ खिशात टाकलं.

“तुमच्या आई-बापानं माझ्या भरवशावर धाडलंय,” ते म्हणाले. “कुठं पळता, कवा पळता ते जगाला कशापायी दिसावं? राहू द्या हे घड्याळ.”

तेव्हा आमच्यातली एक जण पुढं झाली. ती आमच्यापेक्षा थोडी मोठी, म्हणून सगळ्यांची ताई. तिनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता आणि गंगाखेडला ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या दुकानात ती कामाला जायची. सकाळी आमच्याबरोबर पळून, घरी भाकरी करून, जीप धरून ती दुकान गाठायची.

“काका, घड्याळ मला द्या थोडे दिवस,” ती म्हणाली. “त्याची केबलबी द्या. हे इंटरनेटबिगर व्हतंय का बघते.”

ताईबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. सुरुवातीलाच काकांनी शाळेच्या भिंतीला उभं करून आमची उंची मोजली होती. भरतीला लागते त्यापेक्षा ती बोटभर कमी भरली. काकांना कसं सांगावं ते सुचेना. तीच म्हणाली, “मला ठावं हाय काका. लोकांचे फॉर्म मीच भरते की.”

“मग येती कशाला रोज?”

“पळायला,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर होती. पुन्हा कुणी तिला तो प्रश्न विचारला नाही.

दुकानमालकानं बाद केलेला एक जुना लॅपटॉप तिनं मागून घेतला होता. बॅटरी गेलेली, दोन बटणं निघालेली. त्यावर तिनं एक सॉफ्टवेअर टाकलं. ते कुणा एका कंपनीचं नव्हतं. देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही घ्यावं, आत उघडून बघावं, हवं तर बदलावं असं. घड्याळ केबलनं जोडलं की ते पेनड्राइव्हसारखं उघडायचं आणि आत प्रत्येक पळण्याची एक वेगळी फाईल असायची. ताईनं सात जणींची सात खाती केली. कोणत्या दिवशी घड्याळ कुणाच्या हातात होतं हे तिला आठवत होतं. जिथं शंका होती तिथं तिनं आम्हाला विचारून घेतलं. नकाशासुद्धा इंटरनेटवरून एकदाच उतरवून घेतला. आमचं पळणं आता त्या लॅपटॉपच्या बाहेर कुठंच जात नव्हतं. काकांनी ते पाहिलं आणि ताईकडचं घड्याळ पुन्हा आमच्यात फिरवायला दिलं.

रविवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात लॅपटॉप लावून ती एकेकीला जवळ बसवायची. मला म्हणाली, “तुझी वेगाची रेघ बघ. पहिल्या चकरेतच सगळा दम खर्चायलीस. मग पुढं राहतंय काय?” मला राग आला होता. मी जीव तोडून पळत होते आणि ही मला रेघ दाखवत होती. पण रेघ खरी होती. सुरुवातीला उंच आणि मग घसरगुंडीसारखी खाली.

एकदा तिनं आमच्या सगळ्यांच्या बऱ्याच दिवसांच्या रेघा एकावर एक ठेवल्या. मैदानाच्या एका वळणावर प्रत्येकीचा वेग पडत होता. जोरात पळणारीचाही आणि सावकाश पळणारीचाही.

“सगळ्यांचा वेग एकाच जागी कमी व्हायलाय,” ताई म्हणाली. “म्हंजी खोट आपल्या पायात न्हाई, जमिनीत हाय.”

आम्ही जाऊन पाहिलं. तिथं काळी माती भुसभुशीत होती, पाऊल आत रुतायचं. रोज त्यावरून पळत होतो आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. काकांनी दोन ट्रॉली मुरूम आणवला, आम्ही घमेल्यांनी पसरला आणि चोपला. वळणावरची ती पडझड नंतरच्या रेघांतून निघून गेली. काका म्हणाले, “इतकी वर्सं पळालो, पण जमिनीला कुणी बोल लावल्यालं मी पयल्यांदा बघायलो.”

थंडीच्या दिवसांत माझ्यावर वेळ आली. घड्याळ माझ्या हातात होतं. मी हळूहळू पळत होते, बाजूनं पळणारीशी बोलत बोलत. काकांनी सहज माझ्या मनगटाकडं पाहिलं आणि मला थांबवलं. ठोके इतके दिसत होते की जीव तोडून पळतानाही एवढे पडू नयेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काका सरळ माणूस. ते घरी आले आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांनी जसंच्या तसं सांगितलं.

आईनं त्याच संध्याकाळी माझे बूट माळवदावर नेऊन ठेवले. “काळजाचं दुखणं असंल तर पळायचं न्हाई,” ती म्हणाली. “नोकरी गेली उडत.” मला रात्रभर स्वतःची छाती ऐकू येत होती. उजव्या कुशीवर वळावं तरी, डाव्या कुशीवर वळावं तरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई लॅपटॉप पाठीला लावून आमच्या घरी आली. दुकानाला तिनं सुट्टी टाकली होती. लाईट नव्हती, म्हणून ती अंगणात बसून आईबरोबर लसूण सोलत राहिली. लाईट आल्यावर तिनं बाजेवर लॅपटॉप ठेवला आणि अण्णांना जवळ बोलावलं.

“अण्णा, ही तांबडी रेघ ठोक्याची. अन् ही निळी पावलाची, एका मिनिटाला किती पावलं पडली त्याची. दोन्ही कशा हायत?”

अण्णा वाकून बघत राहिले. “एकावर एक हायत,” ते म्हणाले.

“आता इथं बघा. ही इथं थांबली. पाय थांबले की तांबडी रेघबी धपकन खाली. खरं काळीज असं एकदम थांबत न्हाई. धाप हळूहळू उतरते. हिचं मनगट बारीक, पट्टा ढिला. घड्याळ हादरायलंय अन् पावलंच मोजायलंय, ठोके न्हाई.”

मग तिनं सुती पट्टी घडी करून माझ्या हाताला बांधली, घड्याळ मनगटाच्या जरा वर घट्ट बसवलं आणि मला गल्लीतून पळायला लावलं. परत आले तेव्हा आईला म्हणाली, “काकू, तुमी मोजा. इथं, मानेजवळ बोट ठेवा.” आईनं माझ्या मानेला बोटं लावली आणि ओठ हलवत मोजायला लागली. घड्याळाचा आकडा आणि आईचा आकडा जवळजवळ सारखा आला. आईनं बोटं काढली नाहीत. तशीच थोडा वेळ उभी राहिली.

मला वाटलं संपलं. पण ताई लॅपटॉप मिटताना म्हणाली, “तरीबी डॉक्टरला दाखवा. मी डॉक्टर न्हाई. घड्याळाची चूक मला कळती, काळजाची न्हाई.” तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटला तो या वाक्यानं. जिंकल्यावरही आपल्याला कळतं तिथंच थांबणं फार कमी जणांना जमतं. अण्णांनी मला गंगाखेडला नेलं, काळजाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढला, डॉक्टरांनी तपासलं आणि खुशाल पळ म्हणून सांगितलं. बूट आईनंच खाली आणले.

त्याच सुमारास ताईनं आणखी एक काम हाती घेतलं. सॉफ्टवेअर सगळं इंग्रजीत. ती नसली की आमचं अडायचं. मग तिनं त्यातले शब्द एकेक करून मराठीत केले. नाडी, वेग, चढ, उतार. पावलांच्या मोजणीसाठी तिला शब्द सापडेना. काकांना विचारलं. ते म्हणाले, “आमी कवायतीत ठेका म्हणायचो.” तिनं ‘पावलांचा ठेका’ लिहिलं. हे सगळं तिनं ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना पाठवून दिलं. कुणी विचारील असं तिला वाटलं नव्हतं. पण त्यांचं उत्तर आलं, आभार मानलेले, आणि पुढच्या आवृत्तीत मराठी भाषा निवडायची सोय आली. राणीसावरगावच्या रानात ठरलेला शब्द आता कुणालाही, कुठंही दिसणार होता. आम्ही तिला पेढे मागितले. तिनं गूळ-शेंगदाणे दिले.

पहिल्या भरतीत मी थोडक्यात राहिले. दुसऱ्या वेळी आठशे मीटरला मी पहिली चक्कर मुद्दाम आवरून पळाले. पुढच्या पोरी लांब गेलेल्या पाहून जीव कासावीस झाला, तरी पाय सोडले नाहीत. शेवटच्या वळणावर त्यातल्या बऱ्याच जणी माझ्या मागं होत्या. सात जणींपैकी आम्ही तिघी पोलिसात लागलो. एकीचं लग्न झालं, दोघी पुन्हा तयारीला लागल्या. ताई दुकानात राहिली आणि रोज पळत राहिली. भरतीचं आठशे मीटर तिला पुरेनासं झालं होतं. तिचं पळणं लांब लांब होत गेलं.

गेल्या हिवाळ्यात परभणीत लांब पल्ल्याची शर्यत होती. मला एका चौकात बंदोबस्त होता. वर्दीत उभी राहून मी वाहनं थांबवत होते. पळणारे येत होते, जात होते. आणि मग ती दिसली. ठेंगणी, ताठ मानेची, एका लयीत पळणारी. आजूबाजूचे धापा टाकत होते. तिचा चेहरा शांत होता. डाव्या बाजूनं एक टेम्पो पुढं सरकला. मी हात आडवा करून तो जागीच थांबवला. ड्रायव्हर कुरकुरला, “मॅडम, एकच तर बाई हाय, जाऊ द्या की.”

“थांबा,” मी म्हणाले. “आधी ती जाईल.”

तिनं माझ्याकडं पाहिलं, नुसती मान हलवली आणि वेग न बदलता चौक ओलांडून पुढं गेली. ती पुढच्या वळणाआड जाईपर्यंत माझा हात आडवाच होता.