पाच फुटांची नळी

आमच्या सोसायटीत झुंबरअण्णा खैरनारांइतका सरळ माणूस नाही, आणि इतका हटवादीही नाही. पस्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्तीनंतरही कुणाचा पंखा कुरकुरला, कुणाची स्कूटर अडली की अण्णा पाना घेऊन हजर. पण एखाद्याशी बोलणं बंद केलं की केलंच.

नऊ वर्षांपूर्वी सोसायटीच्या मीटिंगमध्ये समोरच्या विंगमधल्या संध्याताई म्हणाल्या की, आपल्या विंगला जास्त पाणी यावं म्हणून टाकीचा व्हॉल्व्ह अण्णा मुद्दाम फिरवून ठेवतात. अण्णांनी तो फिरवलेला नव्हता. हे पुढं सगळ्यांना कळलं, संध्याताईंनाही कळलं. माफी मागायचं मात्र त्यांच्याकडून राहून गेलं, आणि अण्णांनी त्यांच्याकडं बघणंच सोडलं.

दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या पत्नीला, उज्वलावहिनींना, अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बाथरूम लागून आहे म्हणून पलंग आतल्या खोलीत टाकला. नाशिकचा उन्हाळा आता पूर्वीचा राहिलेला नाही. ती खोली मार्चपासूनच तापायची. डॉक्टरांनी बजावलं, यांना उकाडा सोसणार नाही. म्हणून अण्णांनी यंदा चाकांवरचा एसी आणला. त्याच्या पाठीमागून एक जाड नळी निघते, तिच्यातून गरम हवा घराबाहेर सोडायची. नळी पाच फुटांची आणि खोलीला खिडकी एकच. ती उघडली की चार हातांवर संध्याताईंची गॅलरी. म्हणजे आपली गरम हवा थेट त्यांच्या अंगावर. न विचारता सोडणाऱ्यांतले अण्णा नव्हेत, आणि विचारायचं तर बोलावं लागणार.

‘‘जिनं मला चार लोकांत चोर ठरवलं, तिच्या दारात जाऊ?’’ अण्णा मला म्हणाले. ‘‘ते व्हायचं नाय, समाधान.’’

मग कारागिरी सुरू झाली. दाराला प्लायवूड ठोकून, भोक पाडून, टायरच्या ट्यूबचं रबर लावून त्यांनी नळी हॉलमध्ये काढली. हॉलची भट्टी झाली आणि तीच हवा फटींतून परत आत यायला लागली. इंजिनाची गरमी कुठून कुठं जाते हे या माणसानं जन्मभर वर्कशॉपमधल्या पोरांना शिकवलेलं. त्यांना काय हे कळत नव्हतं? पण नाही. दुसऱ्या खेपेला नळीला नळी जोडून, तारेनं छताला टांगून ती हॉलच्या खिडकीपर्यंत नेली. अठरा फूट. एवढ्या लांब हवा ढकलणं यंत्राला झेपेना, दर अर्ध्या तासानं ते बंद पडायचं. शिडी मी धरली होती. ‘‘काय डोकं चालवलंय अण्णा,’’ असंही वर म्हणालो होतो. तेव्हाच दटावून त्यांना समोरच्या विंगमध्ये पाठवायला हवं होतं. नाही पाठवलं, त्याची मला आजही लाज वाटते.

वहिनी काहीच म्हणायच्या नाहीत. अण्णा विचारायचे, ‘‘आज बरं वाटतं का?’’ त्या म्हणायच्या, ‘‘बरं आहे.’’ आणि अण्णा खिडकीचा पडदा नीट ओढून घ्यायचे.

मे महिन्यात भर दुपारी वहिनींची शुद्ध गेली. दोन दिवस दवाखान्यात काढले, आणि लेक तृप्ती तिथूनच त्यांना सिन्नरला आपल्या घरी घेऊन गेली. जाताना एवढंच म्हणाली, ‘‘बाबा, खोली गार झाली की सांगा. मग आणून सोडते आईला.’’

आठ दिवस अण्णा घराबाहेर दिसले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे. ‘‘चल माझ्यासोबत. विचारून टाकतो.’’

संध्याताईंनी दार उघडलं. अण्णा जमिनीकडं बघत म्हणाले, ‘‘एसीची नळी खिडकीतून काढायचीय. गरम हवा तुमच्याकडं येईल. चालेल का?’’

संध्याताई म्हणाल्या, ‘‘अण्णा, वहिनींनी मला मार्चमध्येच विचारलं होतं. तुम्ही भाजी आणायला गेलात की खिडकीतून बोलायचो आम्ही. मी लगेच हो म्हटलं. त्या बाजूच्या कुंड्यासुद्धा हलवल्या.’’

‘‘मग मला कुणी सांगितलं का नाही?’’

‘‘मी येणारच होते. त्या व्हॉल्व्हचंही बोलायचं होतं, चूक माझीच होती. पण वहिनींनी थांबवलं. म्हणाल्या, ते आपणहून येतील. माझ्यासाठी तरी येतील.’’

मी इतकी वर्षं अण्णांना ओळखतो, पण त्या क्षणी त्यांच्या तोंडाकडं बघवलं नाही. घरी येऊन त्यांनी खिडकीच्या मापाची फळी कापली, नळी बसवली, एसी लावला. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. तासाभरात खोली अशी गार झाली की मला शर्टाची वरची गुंडी लावावी लागली.

मग त्यांनी सिन्नरला फोन लावला. कानाला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू ठेवला.

‘‘उज्वला, जाऊन आलो संध्याताईंकडं. नळी खिडकीतून काढली. खोली लय गार झालीय. तृप्तीला सांग, उद्या आणून सोड म्हणावं.’’

पलीकडून वहिनींचा सावकाश, जड आवाज आला. ‘‘बरं केलंत. दोन महिने वाट बघितली हो मी. आता इथं सवय झाली. इथंच राहीन म्हणते.’’ मग म्हणाल्या, ‘‘तुम्ही वेळेवर जेवत जा.’’

‘‘हो,’’ अण्णा म्हणाले.