मेकॅनिक न लागणारी बाई

कारखान्यात तिला सगळे उस्ताद म्हणत, आणि तिला ते आवडायचंही. बावीस वर्षं ती एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर बसत होती. एवढ्या वर्षांत तिच्या मशीनसाठी बाहेरचा मेकॅनिक एकदाही आला नव्हता. आला असता तर तिनेच त्याला चार गोष्टी सुनावून परत पाठवला असता.

त्या दिवशी शर्टाच्या खिशांवर नावं भरताना सुई तुटली. तिने नवी लावली आणि तिथून जो छळ सुरू झाला, विचारू नका! दहा टाके पडले की दोरा तुटायचा. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. तिने रीळ बदललं, ताण सैल केला, बॉबिन काढून फुंकर मारली. मशीन आपलं जैसे थे. "मेल्या, आजच बरा मुहूर्त सापडला तुला!" शेजारी सुटे दोरे कापणाऱ्या सुनेला हसू आलं, पण सासूचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

तिचा जीव भलत्याच गोष्टीत अडकला होता. गेल्या आठवड्यात मालक म्हणाले होते, "वय झालं, उस्ताद. आता घड्या घालायच्या टेबलावर बसा आरामात." घड्या! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. आज मशीन बंद पडलं तर मालकांना आयतंच निमित्त मिळणार होतं.

म्हणून तिने घाई केली. सुईखाली फिरणारं हुक दोरा पकडत नाही, अर्थात हुकच सरकलंय, असं ठरवून तिने त्याचे स्क्रू सैल केले नि ते फिरवलं. आता तर एकही टाका पडेना. परत फिरवलं. हात काळेकुट्ट, डोक्याचा भुगा, आणि काम जिथल्या तिथे.

"आई, मी बॅटरी धरते," म्हणत सून वाकली आणि सुईकडे बघतच राहिली.

"काय गं?"

"सुई उलटी बसलीय, आई. खाच पुढे आलीय."

या सुईचा दांडा गोल, ती कशीही बसते. पण खाच मागे असली तरच हुक दोरा पकडतं, आणि ती मागे आहे ना, ते डोळ्यांनीच बघावं लागतं. उस्तादने बघितलं होतं. निदान बघितल्यासारखं केलं होतं. आणि धडधाकट हुक तिने आपल्या हाताने बिघडवून ठेवलं होतं. आता मेकॅनिकशिवाय गत्यंतर नव्हतं.

तेवढ्यात मालक आले. उघडं मशीन बघून कडाडले, "हा कोणाचा प्रताप?"

"माझा," सून पटकन म्हणाली. "सुई मी लावली."

उस्तादला क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच अशी चीड आली की ती ओरडलीच, "खोटं बोलतेय ती! सुई मी लावली, हुकही मीच बिघडवलं. सहा महिने झाले, मला खाच दिसत नाही. अंदाजाने लावते. मी बसते घड्यांवर. पण मशीन हिला द्या. मी सकाळपासून डोकं फोडतेय ते हिला एका नजरेत दिसलं."

एवढं बोलून ती स्टुलावरून उठली. सून काही केल्या तिथे बसेना.

"बस की गं आता," उस्ताद खेकसली, "का तेही मीच शिकवू?"