धाकट्याच्या नावाचा आवाज

ती घटना अजून मनातून जात नाही. गल्लीत जाहिरातीची गाडी शिरली की मी आजही खिडकी लावून घेतो. बायको म्हणते, दरोडेखोरांना न भिणारा माणूस भोंग्याला भितो. भितो, खरं आहे.

तेव्हा माझी नेमणूक केजच्या पोलीस ठाण्यात होती. सकाळची हजेरी उरकून बसलो होतो, तेवढ्यात तिशीची एक बाई आत आली. कपाळावर ठसठशीत कुंकू. तिला पाहून आमचा हवालदार चपापला. काही महिन्यांपूर्वी तिचा नवरा माजलगावच्या धरणात बुडून मेला होता आणि हवालदार स्वतः अंत्यविधीला हजर होता.

"साहेब, माझं माणूस जित्तं हाय," ती म्हणाली. "आष्टीला माहेरी गेलते. बाजारात साड्यांच्या सेलची गाडी फिरत व्हती. भोंग्यातून त्येच बोलत व्हते."

"जुनं रेकॉर्डिंग असेल, बाई."

"दुकान परवा उघडलंय. त्येंनी त्या दुकानाचं नाव कवा घेतलं?"

मी दुकानाचं नाव लिहून घेतलं. सासरचे तिला वेडी म्हणत होते. जाताना ती एवढंच म्हणाली, "तुमी निस्तं सांगा साहेब, मी कुंकू लावू का पुसू?"

तिचा नवरा आणि त्याचा थोरला भाऊ मिळून जाहिरातींचं रेकॉर्डिंग करायचे. निवडणूक, सेल, भंडारा, काहीही. आवाज आणि फोन धाकट्याचा; काटछाट, हिशेब थोरल्याकडे. कामं बहुतेक लांबून, फोनवर यायची.

मला पहिला संशय आला तो बनावट मरणाचा. प्रेत पाण्यात राहून फुगलेलं, ओळख पटवली ती थोरल्याने, तीही कपड्यांवरून. मी अकस्मात मृत्यूची कागदपत्रं मागवली. शवविच्छेदनात डाव्या मांडीच्या हाडात बसवलेली सळई सापडल्याची नोंद होती. धाकट्याला पूर्वी झालेल्या अपघातानंतर ती बसवणाऱ्या डॉक्टरांकडे खात्री केली. प्रेत धाकट्याचंच होतं, शंकेला जागा उरली नाही.

मग आष्टीत बोलत कोण होतं? हवालदार म्हणाला, "साहेब, आजकाल कॉम्प्युटरवर कुणाचाबी आवाज निघतो." असेल. पण साड्यांच्या दुकानदाराने ज्या नंबरवर काम दिलं, तो नंबर मेलेल्याचाच निघाला. भरदुपारी, ठाण्यात माणसांची वर्दळ असताना, मी तो फिरवला.

"बोला साहेब, कशाची जाहिरात करायची?"

भारदस्त, गोड आवाज. शेवटी किंचित हसू. मी हवालदाराच्या कानाला फोन लावला. त्याने तो विस्तव लागल्यासारखा परत दिला आणि गळ्यातला ताईत चाचपला. मी कसंबसं रक्तदान शिबिराचं काम सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "आत्ताच बसतो रेकॉर्डिंगला."

आम्ही त्या भावांच्या रेकॉर्डिंगच्या खोलीवर गेलो. आवाजाची ओळख दुसरं कोण पटवणार, म्हणून बाईलाही सोबत घेतलं. दार लोटलेलं होतं. आतून शिबिराची जाहिरात चालू होती, वाक्यावाक्याला दम घेत, मध्ये एकदा खोकून. म्हणजे रेकॉर्डिंग वाजत नव्हतं, आत माणूस बोलत होता.

"त्येच हायेत," बाई पुटपुटली. तिने भिंत धरली होती.

मी दार ढकललं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, मधोमध माईक, आणि समोर एकटा थोरला भाऊ. डोळे मिटलेले. आम्ही तिघं आत आलो तरी त्याला पत्ता नव्हता. तो ठरलेलं वाक्य संपवूनच थांबला आणि डोळे उघडून त्याच आवाजात म्हणाला, "कोण हाय?"

थोरल्या दिरासमोर पदर घ्यायची तिकडे रीत आहे. नवऱ्याच्या आवाजाकडे बाईचं एक पाऊल पुढे पडलं होतं, आणि त्याच क्षणी तिच्या हाताने सवयीने पदर डोक्यावर ओढला. ती तशीच उभी राहिली. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या अंगावर तसा काटा कधी आला नाही.

ठाण्यात आणून चहा पाजला, तेव्हा थोरला स्वतःच्या आवाजात बोलायला लागला. बारीक, चिरका आवाज.

"का केलंस हे?" मी विचारलं.

"टॅक्स, साहेब. त्यो व्हता तवा कमाई दोघांच्या नावावर वाटायची. त्यो गेल्यावर समदी माझ्या एकट्यावर आली. मग त्येचं खातं अन् फोन चालूच ठिवला."

"अरे, माईक, खोलीचं भाडं, वीजबिल, गाडीचं पेट्रोल, हे धंद्याचे खर्च कायद्यानेच वजा होतात. तुम्हा कलाकारांना एवढंही कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं व्हतं. पण पावत्या कोण जपून ठिवणार?"

म्हणजे पावत्यांचा कंटाळा आला म्हणून या माणसाने मेलेला भाऊ जिवंत ठेवला. हसावं की थोबाडीत द्यावी, कळेना. पण नाव चालू ठेवायचं तर गिऱ्हाईक आवाजही तोच मागणार, आणि नकला त्याला लहानपणापासून जमायच्या.

"पयल्यांदा मी त्येचा आवाज काढायचो," तो खाली बघत म्हणाला. "आता घरात पोराला हाक मारली तरी त्योच बोलतो. बायको शेजारी निजत न्हाई, साहेब."

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, कराचा भाग आयकर खात्याला कळवला. पोलिसाच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. माणूस मोठ्या लोभापेक्षा छोट्या सोयीपायी जास्त बिघडतो, हे मी तेव्हा शिकलो. पण खरा धडा पुढेच होता.

काही दिवसांनी बाई पुन्हा आली. कपाळ मोकळं होतं. म्हणाली, "साहेब, त्येंच्या खऱ्या आवाजाचं एखादं रेकॉर्डिंग द्या. लेकरू मोठं झाल्यावर ऐकवीन."

मागणी साधी होती. न्यायालयाच्या परवानगीने जप्त कॉम्प्युटर उघडला आणि थोरल्याला निवडायला बसवलं. त्याने कानाला हेडफोन लावले, बराच वेळ ऐकलं आणि रडायला लागला. वेळ वाचावा म्हणून तो भावाच्या जुन्या जाहिराती घ्यायचा आणि त्याच मूळ फाइलमध्ये गावाचं, दुकानाचं नाव तेवढं आपल्या तोंडचं घालायचा. नुसत्या भावाची अशी एकही जाहिरात शिल्लक नव्हती.

"ह्यात त्यो कुठं संपतो अन् मी कुठं सुरू हुतो, मलाच कळंना, साहेब."

मग बाईने ऐकलं. दर वेळी आवाज सुरू झाला की तिचा चेहरा उजळायचा, आणि मग ती अर्ध्यावर घाबरून माझ्याकडे बघायची.  शेवटी तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि पदर सावरत उठली.

"ऱ्हाऊ द्या साहेब," ती म्हणाली. "भाऊजींचा आवाज लेकराला बापाचा म्हणून ऐकवायचा का?"

आणि ती काहीच न घेता निघून गेली.